साडेचारवरचा काटा

पाणीखात्याच्या मुकादमाने शिवणकाकूंच्या पायरीवर खडूने मोठी फुली मारली, खडू खिशात टाकला आणि म्हणाला, "सोमवारी सकाळी इथे खणायचं. पायरी काढावी लागणार."

समोरच्या कठड्यावर तीन मुलं बसली होती. सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि सुट्टीत काय काय करायचं याची यादी वकील वहीत उतरवत होता. वकील बारा वर्षांचा होता. घरी दूध प्यायला सांगितलं तरी तो आधी "का?" विचारायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. त्याच्या शेजारी त्याची दहा वर्षांची बहीण ढोलकी. ती झोपेतसुद्धा बोलते, असं तिची आई सांगायची. आणि तिसरी टाचणी, तेरा वर्षांची, काडीसारखी बारीक, शोधायला गेलं तर न सापडणारी आणि नको तिथे टोचणारे प्रश्न विचारणारी.

मुकादम गेला तशी टाचणी खाली उतरली आणि फुलीकडे बघत उभी राहिली.

"यादीत हे लिही," ती वकिलाला म्हणाली.

गल्ली उताराची होती आणि तिच्यात बारा घरं होती. गेले दोन महिने सगळ्यांच्या नळाला दिवसभर जेमतेम करंगळीएवढी धार येत होती. शिवणकाकूंचं घर उताराच्या मध्यावर होतं. त्यांच्या पायरीपाशी जमीन कायम ओली असायची, आणि आता पुढच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. त्याच खोलीत काकूंची दोन शिलाई मशीन होती. काकूंच्या घराला येणारी नळी फुटली आहे, ती उपटून काढायची आणि नवी बसेपर्यंत काकूंचं पाणी बंद, असा मुकादमाचा निकाल होता. काकूंना पाण्याची एवढी काळजी नव्हती. पाणी शेजारून आणता आलं असतं. पण पायरी त्या भिंतीला चिकटूनच होती. कुदळीच्या दणक्यांनी भिंत आणखी फाटली तर मशीन घेऊन बसायचं कुठे, हे त्यांना कळत नव्हतं.

टाचणीला वेगळंच काही खटकत होतं. मुकादमाने पाणीखात्याचं ऐकायचं यंत्र आणलं होतं खरं, पण त्याने एका कानाला यंत्र लावलं होतं आणि दुसऱ्या कानाला फोन. ऐकलंही फक्त अर्धं मिनिट आणि तेही फक्त पायरीपाशी. जिथे ओल दिसते तिथेच नळी फुटलेली असेल, असं त्याने आधीच ठरवून टाकलं होतं.

"पाणी उतारावरून खाली येतं," ती म्हणाली. "फुटलंय वर कुठेतरी आणि बाहेर येतंय इथे, असं नाही का होऊ शकत?"

"होऊ शकतं म्हणजे झालंय असं नाही," वकील म्हणाला. "पुरावा पाहिजे."

ढोलकीने लगेच सांगून टाकलं की पुरावा कानवाल्या काकांकडे मिळेल.

कानवाले काका गल्लीच्या अगदी तळाशी राहत. तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात एकच काम केलं होतं, जमिनीखालच्या पाइपांचा आवाज ऐकायचा आणि गळती कुठे आहे ते सांगायचं. आता त्यांचे स्वतःचे कान थकले होते, त्यामुळे ढोलकीशी त्यांचं छान जमायचं. तिला त्यांच्याकडे हळू बोलावं लागत नसे.

सगळं ऐकून घेतल्यावर काकांनी फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. डब्याला एका बाजूने वायर होती आणि तिच्या टोकाला बशीएवढी जड चकती. ही चकती जमिनीवर टेकवायची. दुसऱ्या बाजूला हेडफोन. मधे, डब्याच्या आत, एक बॅटरी, चार-दोन सुटे भाग आणि एक ट्रान्झिस्टर. चकतीने पकडलेला बारीकसा आवाज मोठा करायचं काम त्या ट्रान्झिस्टरचं होतं. सहा वर्षांपूर्वी तो मेला आणि मग डबा फळीवर गेला. खात्यातल्या ज्या मित्राने डबा बनवला होता त्याने तीन जादा ट्रान्झिस्टर एका डबीत घालून दिले होते. पत्र्याच्या टोपीचे, जुन्या धाटणीचे. काकांना ते बसवता येत नव्हते. त्यांना फक्त ऐकता येत होतं.

"एक गोष्ट ध्यानात ठेवा," काका म्हणाले. "वापराचं पाणी थांबतं. कोणी नळ बंद करतं, कोणाची बादली भरते. गळतीचं पाणी थांबत नाही. न थांबणारा आवाज शोधा."

काका हे काम पहाटे तीनला करायचे, कारण तेव्हा रस्ता शांत असतो. मुलांच्या घरी तीन वाजता बाहेर पडायचा विषय काढताच संपला. मग वकिलाने गल्लीचा दिवसभराचा आवाज वहीत मांडून काढला आणि एकच वेळ निघाली. दुपारी दोन ते तीन. दुकानं बंद, माणसं आडवी झालेली, रस्त्यावर कुत्रंही नाही.

टाचणीची आई घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान चालवायची. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, कधी एखादा जुना रेडिओ. शनिवारी सकाळी तिने टेबलाचा एक कोपरा मोकळा करून दिला, मीटर दिलं, तारा जोडताना डाख द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, कशी धरायची ते पुन्हा एकदा दाखवलं आणि ती स्वतः एका पंख्याकडे वळली.

टाचणीने मेलेला ट्रान्झिस्टर काढून पहिला नवा बसवला. हेडफोनमध्ये "टक्" असं वाजलं आणि पुढे शांतता. चकतीवर जोरात टिचकी मारली की फाटक्या कागदासारखा आवाज यायचा, एवढंच. दुसरा बसवला, तर सगळं कुठल्या तरी विहिरीच्या तळातून आल्यासारखं. तिसरा पहिल्यासारखाच फाटका.

"कलेक्टरवर किती व्होल्ट आहेत ते बघ," आई पंख्यात डोकं घालूनच म्हणाली. "मग किती असायला हवेत ते मला सांग. आणि का, तेही सांग."

ट्रान्झिस्टरला तीन पाय होते, बेस, कलेक्टर आणि एमिटर. बॅटरी नऊ व्होल्टची. मीटरचा काटा पहिल्याला जवळजवळ शून्यावर बसला. दुसऱ्याला आठच्या आसपास. तिसऱ्याला एकच्या जरा वर. तिघांवर नंबर मात्र एकच छापलेला होता.

वकिलाला हे अजिबात पटलं नाही. नंबर एक तर वागणूक एक असायला हवी, असं त्याचं म्हणणं.

"तू आणि तुझी बहीण एकाच घरात वाढलात ना?" आईने विचारलं.

वकिलाने ढोलकीकडे बघितलं आणि वाद सोडून दिला.

टाचणी हात धुवायला मागच्या दारी गेली आणि बराच वेळ परत आली नाही. वकील बघायला गेला तेव्हा ती नळापाशी उभी होती. नळाची चावी थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवत होती आणि धारेकडे बघत होती. पाणी वाया जातंय, असं वकील म्हणणार होता, पण खाली बादली लावलेली दिसली.

"बघ," ती म्हणाली. "नळ पूर्ण बंद केला. आता चावी आणखी बंद करायला गेले तर काय होतं?"

"काही नाही."

"पूर्ण उघडला. आता आणखी उघडायला गेले तर?"

"काही नाही."

"अर्धा उघडा ठेवला. आता बघ." तिने चावी जराशी उजवीकडे नेली, धार बारीक झाली. डावीकडे नेली, जाड झाली. "आवाज म्हणजे थरथर. एकदा इकडे, एकदा तिकडे. नळ आधीपासून अर्धा उघडा असेल तरच धारेला दोन्हीकडची थरथर कळेल. नाहीतर एक बाजू कापली जाणार. आपला आवाज फाटका येतो तो म्हणूनच."

दोघं पळत आत आले. बेसला बॅटरीतून एका रेझिस्टन्सवाटे, म्हणजे प्रवाह अडवणाऱ्या चिमुकल्या भागातून, जरासा प्रवाह सतत मिळत होता. तोच नळावरचा हात. काकांच्या मित्राने तो रेझिस्टन्स जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्वभावाला बेतून निवडलेला होता. नव्यांचा स्वभाव वेगळा. पहिला आणि तिसरा तेवढ्याच प्रवाहाने सताड उघडे पडत होते, दुसरा जेमतेम किलकिला होत होता. नळ सताड उघडा असला की नऊच्या नऊ व्होल्ट कलेक्टरपर्यंतच्या वाटेतच संपायचे आणि काटा खाली बसायचा. बंद असला की काटा वर.

"साडेचार," टाचणीने आईला सांगितलं. "नऊच्या निम्मे. म्हणजे दोन्हीकडे जायला सारखी जागा राहील."

आईने पंखा बाजूला ठेवला, तिच्याकडे नीट बघितलं आणि रेझिस्टन्सचा खण उघडून दिला. टाचणीने तिसरा ट्रान्झिस्टर ठेवला आणि बेसचा रेझिस्टन्स हळूहळू वाढवत नेला. काटा दोनवर आला, मग साडेतीनवर, आणि पाचव्या खेपेला बरोबर साडेचारवर थांबला. चकती टेबलावर ठेवली तर भिंतीवरचं घड्याळ हेडफोनमध्ये घणासारखं वाजायला लागलं. ढोलकीने बोटाचं नख टेबलावर ओढलं आणि टाचणीने हेडफोन उपटून काढले.

त्या दुपारी दोन वाजता तिघं गल्लीत उतरली. ऊन असं होतं की चकती हातात धरवत नव्हती. डबा रस्त्यावर ठेवला, टाचणीने हेडफोन लावले, वकील वही घेऊन उभा राहिला आणि ढोलकीने स्वतःच्या तोंडावर स्वतःचाच हात धरला. पहिली दोन मिनिटं छान गेली. पाइपचा आवाज येत होता, बारीक, जिवंत. मग तो खरखरीत झाला, फाटला आणि शेवटी नाहीसा झाला. टाचणीने वायर हलवून बघितल्या, बॅटरी बघितली. काही उपयोग झाला नाही.

वकिलाने ढोलकीकडे वळून विचारलं, "तू काही फिरवलंस का? खरं सांग."

ढोलकीने तोंडावरचा हात काढला नाही. तिने फक्त मान हलवली, नाही. पण वकिलाला ते खरं वाटलं नाही. तिला सांगायलाच नको होतं, ती कधी एका जागी बसते का, हात कुठे ना कुठे घालणारच, असं बरंच काही तो बोलून गेला. ढोलकी परत जाताना एक शब्द बोलली नाही. गल्लीभर चालत ती गप्प राहिली, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

दुकानात पंखा चालू होता, गारवा होता. टाचणीने डबा टेबलावर ठेवून मीटर लावलं, तर काटा तीनवर होता. बघता बघता तो चढत गेला आणि दहा मिनिटांत पुन्हा साडेचारवर येऊन थांबला. घड्याळ पुन्हा घणासारखं वाजायला लागलं. कोणी कशालाही हात लावला नव्हता.

"याची टोपी तापली होती," ढोलकी हळूच म्हणाली. "रस्त्यावर बॅटरी बघायला डबा उघडलात ना, तेव्हा मी बोट लावून बघितलं होतं. पण तुम्ही मला बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

आणि तिने बोट पुढे करून ट्रान्झिस्टरच्या पत्र्याच्या टोपीवर टेकवलं.

काटा घसरायला लागला. चारवर आला, मग आणखी खाली. बोटाच्या उबेने एवढं. तिने बोट काढलं तसा तो सावकाश वर आला. तिघंही टेबलावर वाकली. तापला की हा नळ आपणहून जास्त उघडत होता. काका पहाटेच्या गारव्यात ऐकायचे, त्यामुळे त्यांना हे कधी कळलंच नव्हतं. आणि मुलांना मिळालेला शांत तास म्हणजे नेमका दिवसातला सगळ्यांत तापलेला तास.

वकिलाने बहिणीची माफी मागितली. ती त्याने वकिलासारखी, तीन मुद्द्यांत मागितली. ढोलकीने माफ केलं आणि लगेच नेहमीच्या वेगाने बोलायला सुरुवात केली.

टाचणीने विचारायच्या आधीच आईने एका जुन्या रेडिओचं झाकण काढून त्यांच्यापुढे ठेवलं. हा रेडिओ वीस वर्षं एका चहाच्या टपरीत चुलीशेजारी वाजत होता, एवढंच ती म्हणाली.

मग तपास सुरू झाला. वकिलाने रेडिओतल्या एका ट्रान्झिस्टरभोवती काय काय आहे ते वहीत उतरवलं आणि शेजारी डब्यातलं चित्र काढलं. डब्यात बेसला एकच रेझिस्टन्स होता. रेडिओत दोन होते, एक बॅटरीच्या अधिक टोकाकडे आणि एक उणे टोकाकडे, आणि त्या दोघांच्या मधून बेसचा व्होल्टेज ठरत होता. शिवाय एमिटरच्या पायाखाली आणखी एक रेझिस्टन्स होता. डब्यात तिथे साधी तार होती. हा तिसरा कशाला? वाटेत अडथळा घालून काय मिळतं?

संध्याकाळ होत आली तरी टाचणीला ते उलगडत नव्हतं. तेवढ्यात ढोलकीला तिच्या आईने गच्चीवरची टाकी बघायला हाक मारली. ती गेली, आली आणि दारातूनच म्हणाली, "टाकी भरत आली की तो गोळा वर येतो ना, आणि स्वतःच नळ बंद करतो. तुमच्या ट्रान्झिस्टरला तसा गोळा का नाही लावत?"

टाचणीने पेन्सिल खाली ठेवली.

"लावलाय," ती म्हणाली. "रेडिओवाल्यांनी लावलाय. तिसरा रेझिस्टन्स म्हणजेच तो गोळा."

मग तिने ते बोलत बोलत स्वतःलाच समजावलं. तापल्यामुळे प्रवाह वाढला, तर तो एमिटरखालच्या रेझिस्टन्समधून जाणार. तिथे व्होल्टेज चढणार, म्हणजे एमिटर वर उचलला जाणार. बेस मात्र त्या दोन रेझिस्टन्सनी जागच्या जागी धरून ठेवलेला. नळ उघडा राहतो तो बेस आणि एमिटरमधल्या फरकामुळे. एमिटर वर आला की फरक कमी, आणि नळ थोडा मिटला. जितकं जास्त वाहील, तितकं स्वतःलाच आवरेल. कुठला ट्रान्झिस्टर कुठल्या स्वभावाचा, याची मग फारशी पर्वा नाही.

आई हातातला पाना पुसत उभी होती. तिने काही दुरुस्त केलं नाही, त्यावरून टाचणीला कळलं की बरोबर आहे.

रविवारी सकाळी तिने तसेच रेझिस्टन्स डाख देऊन डब्यात बसवले. रेडिओतल्या आकड्यांवरून अंदाज घेत, मोजत, बदलत काटा साडेचारच्या जवळ आणला. ढोलकीने टोपीवर बोट ठेवलं. काटा केसभर हलला आणि तिथेच राहिला. पण हेडफोन लावले तर घड्याळ दूर कुठेतरी वाजत होतं. गोळा फारच कामसू निघाला होता. उन्हाची चढण थोपवता थोपवता तो आवाजाची थरथरही थोपवत होता. वकिलाने पुन्हा दोन्ही चित्रं ताडून बघितली आणि एक राहून गेलेली वस्तू सापडली. रेडिओत त्या तिसऱ्या रेझिस्टन्सला बगल देऊन एक कपॅसिटर बसवलेला होता. झरझर थरथरणाऱ्या आवाजाला त्यातून वाट मिळत होती, आणि सावकाश चढणाऱ्या उन्हाला मिळत नव्हती. आईच्या खणातून तसा कपॅसिटर निघाला. तो बसवला आणि घड्याळ पुन्हा घणासारखं वाजलं.

दुपारी दोन वाजता तिघं पुन्हा गल्लीत उतरली. डबा मुद्दाम उन्हात दहा मिनिटं ठेवला. टाचणीने मीटर लावून बघितलं, काटा जागेवर होता.

ऐकण्याची पद्धत वकिलाने ठरवली. गल्लीच्या तळापासून वरपर्यंत, पाइपच्या रेषेवर, दर दोन पावलांवर चकती टेकवायची. आवाजाला दहापैकी गुण द्यायचे. आणि तिघांनी वेगवेगळं ऐकायचं, एकाचे गुण दुसऱ्याला दाखवायचे नाहीत. तीन साक्षीदारांनी आपापसात बोलून साक्ष दिली तर ती एकाच साक्षीदाराची होते, असं तो म्हणाला.

खालच्या टोकाला आवाज जवळजवळ नव्हता. मधेच कोणाच्या तरी घरी पाणी वाहिल्यासारखं व्हायचं आणि थांबायचं. शिवणकाकूंच्या पायरीपाशी टाचणीला तो न थांबणारा आवाज पहिल्यांदा नीट भेटला. कोणी दातांमधून श्वास सोडत आहे असा सळसळता आवाज, आणि त्या श्वासाला शेवट नाही. तिने तीन गुण दिले. पुढे चढावर चार, पाच, सात. पायरीपासून बावीस पावलांवर, रस्त्यावर सिमेंटचं एक नवं ठिगळ होतं. तिथे चकती टेकवताच तिला इतकं जोरात ऐकू आलं की ती दचकून मागे सरकली. त्याच्या पुढे आवाज पुन्हा उतरत गेला.

वकिलाच्या कागदावरही सगळ्यांत मोठा आकडा ठिगळाचाच होता. ढोलकीला ऐकताना तोंडावर हात ठेवायची गरज पडली नाही. ती आपोआप गप्प झाली होती. तिने ठिगळाला दहापैकी बारा गुण दिले.

ठिगळाखाली काय आहे ते शिवणकाकूंना आठवत होतं. दोन महिन्यांपूर्वी तिथे खणून केबल टाकली होती. आणि खणणारी माणसं मुकादमाचीच होती.

सोमवारी सकाळी नऊला मुकादम चार माणसं आणि कुदळी घेऊन आला. शिवणकाकू गळ्यात मापाची टेप अडकवून पायरीवर बसल्या होत्या, बरोबर फुलीवर. मुलांचं ऐका, मग मी उठते, असं त्यांनी सांगितलं. मुकादम म्हणाला की खात्याच्या यंत्राने ऐकून झालं आहे, आता पोरांच्या डब्याशी खेळायला त्याला वेळ नाही. गल्लीतली माणसं जमायला लागली. कानवाले काकाही काठी टेकत वर आले.

वकील पुढे झाला. त्याने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "काका, इथे खणून पाणी सापडलं नाही, तर पायरी पुन्हा बांधून द्यायचं तुम्ही आज लिहून द्याल? तेवढं दिलंत की आम्ही बाजूला होतो."

मुकादमाने जमलेल्या लोकांकडे बघितलं. लिहून देण्यापेक्षा दोन मिनिटं ऐकणं त्याला सोपं वाटलं असावं. त्याने हेडफोन लावले आणि चकती पायरीपाशी टेकवली.

"हे काय, येतोय की आवाज," तो म्हणाला. "मी सांगत होतो तेच."

"हो, येतो," टाचणी म्हणाली. "दहापैकी किती गुण द्याल?"

"चार दे."

"आता माझ्याबरोबर वर चला. फोन जरा बंद ठेवाल का?"

दगड तापायला लागले होते. टाचणी डबा हातात धरून चालत होती. उन्हात डबा पुन्हा दगा देईल का? सिमेंटच्या ठिगळावर तिने स्वतः चकती टेकवली. मुकादम उकिडवा बसला. त्याचा चेहरा आधी कंटाळलेला होता, मग तो तसा राहिला नाही. त्याने डोळे मिटून घेतले. मग उठला, खाली पायरीपाशी जाऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा वर आला आणि पुन्हा ऐकलं.

हेडफोन काढून त्याने माणसांना सांगितलं, "इथे खणा. हाताने माती काढा, जपून."

हातभर खाली पाइप लागला. त्याच्या पाठीवर कुदळीच्या टोकाएवढी एक खोक होती आणि तिच्यातून पाणी पंख्यासारखं फवारत मातीत जिरत होतं. तिथून ते केबलच्या चराने उतार धरून खाली शिवणकाकूंच्या भिंतीखाली जात होतं.

मुकादम खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. त्याला गप्प बसता आलं असतं. पण तो शिवणकाकूंकडे गेला आणि हळू आवाजात म्हणाला की ही खोक त्याच्याच माणसांच्या कुदळीची आहे. त्या दिवशी पाइपला लागल्याचा आवाज त्याने ऐकला होता, पण वर पाणी दिसलं नाही म्हणून सिमेंट ओतून टाकलं. भिंतीचं काम खात्याकडून करून घेण्याची जबाबदारी त्याने सगळ्यांसमोर घेतली. काकू म्हणाल्या, आधी पाइप बांधा, मग भिंतीचं बोलू. पण त्यांचा आवाज कडक राहिला नव्हता.

दुपारी पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. त्यांनी खड्डा बघितला, वकिलाच्या वहीतले तिघांचे गुण बघितले आणि त्या कानवाल्या काकांना म्हणाल्या, "तुमच्या हाताखाली तयार झालेली दिसतात."

"माझ्या नाही," काका म्हणाले. "मी तीस वर्षं डबा वापरला, पण त्याच्या आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. यांनी विचारलं."

मग बाईंनी डबा उघडायला लावला. टाचणीने सगळं सांगितलं, नळ, साडेचार, ढोलकीचं बोट, टाकीतला गोळा, आणि बगल देणारा कपॅसिटर. मधे मधे ढोलकी भर घालत होती आणि बाई तिलाही ऐकून घेत होत्या.

"हे तीन आकडे कसे ठरवलेस?" बाईंनी रेझिस्टन्सवर बोट ठेवून विचारलं.

टाचणीने तिन्ही रेझिस्टन्सकडे बघितलं. खोटं सांगता आलं असतं, पण तिला ते सुचलंसुद्धा नाही.

"रेडिओत बघून. आणि मग मोजून, बदलून, पुन्हा मोजून. आधीच कसे काढायचे ते मला येत नाही."

"मोजून काढलेस, हे उत्तम केलंस," बाई म्हणाल्या. "माझ्या खात्यातली मोठी माणसं परवा मोजायलाही थांबली नाहीत. आता आधी कसे काढायचे ते बघू. किती प्रवाह हवाय तुला?"

त्यांनी पर्समधून पेन काढलं, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद पायरीवर पसरला आणि त्या टाचणीशेजारी खाली बसल्या. माणसं खड्डा बुजवत होती, वकील त्यांच्यावर देखरेख करत होता, शिवणकाकूंनी आतून मशीन सुरू केलं होतं. टाचणीच्या आईने जेवायला दोनदा हाक मारली. मग ती स्वतः बघायला आली, कागदावर वाकलेली दोन डोकी तिने पाहिली आणि तिसऱ्यांदा हाक न मारता ती परत गेली.